पोच

प्लाउएनला, स्टेशनच्या उतारावर माझं दुकान.
खिडकीत एक डोंगरगाडी दिवसभर गोल फिरते.
ट्रामची वाट पाहणारे तिच्याकडे बघतात,
आत मात्र कुणी येत नाही.

फ्राउ म्योकेल आल्या. कठडा धरून, तीन पायऱ्या.
त्यांचे दोन सांधे कुरकुरत होते
आणि तळघरातले सतरा.

एगबर्टना जाऊन चौदा महिने.
रुळांच्या प्रत्येक सांध्याला त्यांनी
पांढऱ्या रंगाने आकडा घातलेला,
आणि वहीत पेन्सिलीने एकच ओळ:
"डिकोडर, आठ सांध्यांचा एक. असे दोन. स्वस्तातले."
सतराव्याचं काय, ते लिहायचं राहून गेलं.

मी काउंटरवर डबे मांडले.
हा कॉइलला एकच झटका देतो, खट्,
आणि विसरून जातो.
हा सर्व्हो हळू फिरवतो,
झोपलेल्या पोराचं डोकं उशीवर सरकवावं तसा.
हा वीज रुळांतूनच घेतो, वायर वाचते,
पण गाडी आडवी होऊन शॉर्ट झाला
की तोही मुका,
नेमका गरज असते तेव्हा.

त्यांनी पर्समधून रुमाल सोडला.
आत लाल रेलबस, एक बफर तुटलेला.
"अकरा नंबर," म्हणाल्या. "बोगद्यातला.
पडद्यावर हिरवा बाण, सरळ.
आणि ही गेली खाली, फरशीवर."

बहुतेक खडी अडकली असणार, मी म्हटलं.
पातं मध्येच राहिलं.
कॉम्प्युटरला ते कसं कळावं?
त्याने हुकूम सोडला,
आणि स्वतःचाच हुकूम रंगवून
तुम्हाला दाखवला.

त्या बराच वेळ गप्प.
मग म्हणाल्या, एकोणऐंशी साली
मी लेसच्या कारखान्यात होते, रात्रपाळीला.
बारा मीटर लांब मशीन, शेकडो सुया,
आणि वर पंचकार्ड फिरायचं.
एकदा एका रांगेचा दोरा संपला.
सुया थांबल्या नाहीत.
कार्ड म्हणत होतं गुलाब, पुन्हा गुलाब,
आणि कापडावर चार मीटर
नुसती भोकं.
"म्हणून विचारते,
यातला कुठला मला सांगेल
काय झालं ते?
मी काय सांगितलं होतं
ते मला ठाऊक आहे."

तीस वर्षं हे डबे विकतोय.
गिऱ्हाइकं व्होल्ट विचारतात, किंमत विचारतात.
पोच असलेला डिकोडर
असा कुणी मागितला नव्हता.

खालच्या फळीवरून काढून दिला.
तरी बजावलं: हासुद्धा नीट जोडा.
नाहीतर म्हणेल "मी फिरवलं," एवढंच.
पात्याच्या टोकाशी कॉन्टॅक्ट बसवा,
पातं रुळाला खरोखर टेकलं
तरच त्याने हो म्हणावं.
आणि ही उत्तराची वायर वेगळी न्या,
हुकुमाच्या गर्दीत उत्तर हरवतं.

"सतरा असे?" त्यांनी किंमत पाहिली.
"नको. बोगद्यातले चार.
बाकीचे माझ्या समोर आहेत,
डोळे अजून शाबूत आहेत माझे."
आणि वहीतली ओळ खोडली नाही,
तिच्याखाली आपली लिहिली.
एगबर्टचे दोन स्वस्तातलेही घेतले.

नऊ दिवसांनी फोन.
मी बिलांचा गठ्ठा लावत होतो,
रिसीव्हर खांद्यात दाबून.
त्या बोलत होत्या: पहिल्यांदा वायर उलटी लागली,
अकरा म्हणे सरळ, असायचा वाकडा,
मग टेबलाखाली आडवी झाले,
उठायला अर्धा तास लागला,
शेजारची उटे आली हात द्यायला,
आता मात्र बटण दाबलं
की क्षणभर काहीच नाही,
आणि मग
तिकडून, अंधारातून,
दिवा.

मी आकडे लिहीत होतो. सदतीस. अडतीस.

"हेर फ्योर्स्टर, ऐकताय ना?"

हो, म्हटलं, ऐकतोय.

"मग मधूनमधून
हं म्हणत जा."